आसरांपाशी गाडी थांबते

आमची मंडळी गेली त्या दिवसापासून मी देवाला हात जोडले नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला मोठा भक्त समजायला नको. देव्हाऱ्यातला दिवा सून लावायची, मी तिकडं पाठ करून चहा प्यायचो. मंडळी आजारी होती तेव्हा मी सगळ्या देवांना सांगून बघितलं, एकानंही ऐकलं नाही. मग मीही ठरवलं की आपणही यांचं काही ऐकायचं नाही. लोक सांत्वनाला यायचे आणि म्हणायचे, तिचं सोनं झालं, कपाळावर कुंकू घेऊन गेली. मला तोंडावर बोलायची सवय. म्हणायचो, तिचं सोनं झालं असेल, माझी माती झाली त्याचं काय. मग माणसं यायची कमी झाली.

घरात तिचं म्हणून जे काही होतं ते हळूहळू वाटलं गेलं. लुगडी लेकीनं नेली, जोडवी सुनेकडं. माझ्याकडं राहिली ती गाडी. जुनी व्हॅन आहे आमची, पेट्रोलची, पुढच्या सीटखाली इंजिन असतं तसली. डाव्या सीटवर ती बसायची आणि खालून ऊब लागली की म्हणायची, "चुलीवर बसवलंय मला, आता फोडणी तेवढी टाका." मधली सीट आम्ही काढून टाकली होती, कारण आमच्या नातीची, गौरीची, चाकाची खुर्ची सरकत्या दारातून सरळ आत जायला पाहिजे. गौरी माझ्या लेकीची, सुनंदाची पोरगी. जन्मापासून तिच्या पायात जोर नाही. दौंडला एक बाई डॉक्टर तिच्याकडून पायांचा व्यायाम करून घेतात. आठवड्यातून एकदा तरी तो झालाच पाहिजे, नाहीतर पाय आखडत जातात आणि आखडले की पुन्हा सरळ होत नाहीत, असं त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सुनंदा पाटसला दिलेली. जावई कारखान्यात, पाळीवर. मोटारसायकलवर पोरगी बसू शकत नाही, एसटीत खुर्ची चढत नाही. म्हणून दर आठवड्याला आम्ही दोघं केंदूरहून निघायचो, शिक्रापूरला पेट्रोल टाकायचो, न्हावऱ्यावरून भीमेचा पूल ओलांडून पाटसला जायचो आणि तिला गाडीत घालून दौंडला न्यायचो. लेकीकडंच राहा की, असं कुणी म्हणे. गोठा सोडून लेकीच्या दारात किती दिवस बसणार?

मंडळी होती तोवर गाडी कधी अडली नाही. ती गेली आणि गाडीनं अंग काढून घेतलं. शिक्रापूरहून निघाली की न्हावऱ्यापर्यंत झकास. तिथनं पुढं पिकअप कमी व्हायला लागायचा. पाय दाबावा तर वेग वाढायच्या ऐवजी गाडी गुदमरायची, हिसके द्यायची. पाय काढला की इंजिन वरखाली व्हायचं, जसं दम लागलेलं माणूस बोलायला बघतं आणि त्याला बोलता येत नाही. पूल कशीबशी ओलांडायची आणि पलीकडचा चढ लागला की बंद. बरं, अर्धा तास उभी केली की आपोआप चालू. म्हणजे मोडली म्हणावं तर मोडलीही नाही.

शिक्रापूरच्या मेस्त्रीनं तिला खोलून खोलून पार थकवलं. प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, हवेचा फिल्टर नवा घातला, पेट्रोलचा फिल्टर नवा घातला, शेवटी पेट्रोलचा पंपही बदलला. गॅरेजच्या दारात उभी केली की एका लयीत चालायची आणि तो माझ्याकडं असा बघायचा की मीच खोटं बोलतोय. "आप्पा, तुम्हाला हिच्यातून उतरायचंच नाही, म्हणून रोज काहीतरी काढून हिला इथं आणता," असं एकदा चेष्टेनं म्हणाला. पेट्रोल भरलं की काही वेळ बरी चालते, हे माझ्या ध्यानात आलं होतं. त्यावरून मेस्त्रीनं काढलं की टाकीच्या बुडाला गाळ आहे. टाकीही उतरवून धुतली. पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा त्याच चढावर उभी.

आणि ते ठिकाण कुठलं, तर साती आसरांचं. पूल संपला की डाव्या अंगाला उतारावर एक करंज आहे, त्याच्याखाली पाण्याकडं तोंड करून शेंदूर लावलेले सात दगड. नदीच्या देवी त्या. मंडळीची त्यांच्यावर फार श्रद्धा. दर खेपेला मला तिथं गाडी उभी करायला लावायची, खाली उतरून ओटी भरायची, दहीभात ठेवायची, मग पुढं जायचं. मी खाली कधी गेलो नाही. रस्त्याच्या पलीकडं सावलीला तंबाखू मळत उभा राहायचो आणि उशीर होतोय म्हणून ओरडायचो. ती गेल्यावर मी तिथं थांबणं बंद केलं. मुद्दाम बंद केलं. आणि आता गाडीच तिथं थांबायला लागली होती. सुनेनं हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, आप्पा, आसरांचं काही राहिलं असंल. मी तिला म्हणालो, त्यांचं माझ्याकडं काही राहिलेलं नाही, माझंच त्यांच्याकडं राहिलंय.

मोठ्या पोराला, बाळूला, रांजणगावच्या कंपनीतून सुटून रात्रीअपरात्री दोनदा मला आणायला यावं लागलं. तो वैतागला. त्याची चूक नाही. एके दिवशी शांतपणे म्हणाला, "आप्पा, गाडीचं वय झालं. माणसाचंबी होतं. आता ही शेवटची खेप करा. गौरीला व्यायामाला न्या, तिला घरी सोडा आन् गाडी दौंडच्या भंगारवाल्याकडं लावून या. मी बोललोय त्याच्याशी. दाजी तुम्हाला पाटसला घेऊन येतील."

"आन् पुढल्या आठवड्याला पोरीला कोण नेणार?"

"बघू काहीतरी."

हे बघू काहीतरी म्हणजे काय ते मला माहीत होतं. जावयानं रिक्षा ठरवून बघितली होती, तिच्यात खुर्ची आडवी राहते आणि पोरगी तिरपी. मागच्या कितीतरी खेपा माझ्या गाडीपायी हुकल्या होत्या. सुनंदा फोनवर सांगायची नाही, पण गौरीनंच सांगितलं होतं की उजवा पाय आता आधीसारखा लांब होत नाही. तरी मी बाळूला बरं म्हणालो. माझ्यात भांडायची ताकद नव्हती.

त्या दिवशी सकाळी निघताना गौरीचा फोन आला. "आबा, आज येणार ना? मागल्या वेळी पण व्हय म्हणाला होता."

"येतोय गं बाय."

"आज्जी असती तर आली असती," ती म्हणाली. राग नव्हता तिच्या बोलण्यात. पोर आहे, जे आहे ते बोलली. बोलण्यात माझ्यावरच गेली आहे.

उन्हाळ्याचे दिवस होते. शिक्रापूरला पेट्रोल टाकलं आणि न्हावऱ्यापर्यंत मी श्वास धरून आलो. तिथनं पुढं पायाखाली तेच सुरू झालं. ऊस भरलेला ट्रॅक्टर मला मागं टाकून गेला, वर त्याच्या ड्रायव्हरनं हात करून विचारलं, काय आप्पा, ढकलू का. पुलावर मी पहिल्या गिअरमध्ये होतो. पूल संपला, चढ लागला, गाडी दोनदा उसासली आणि करंजासमोर येऊन मेली. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. शेजारच्या रिकाम्या सीटवर ऊन पडलं होतं. मनात आलं, बरं झालं, भंगारवाल्यापर्यंत न्यायचीही गरज उरली नाही, इथनंच ओढून नेतील. आणि मग गौरी दारात खुर्ची लावून रस्त्याकडं बघत बसली असेल ते डोळ्यासमोर आलं, आणि माझं डोकं फिरलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी तो उतार उतरून आसरांपाशी गेलो. पाया पडायला नाही. भांडायला. चप्पलही काढली नाही. त्या सात दगडांसमोर उभा राहून म्हणालो, "काय पाहिजे तुम्हाला? एक माणूस नेलं, पोट भरलं नाही? आता पोरीचं पाय पाहिजेत? ती तुम्हाला दहीभात घालत होती दर आठवड्याला. हे फळ दिलंत व्हय तिला?" आणखीही बोललो. ते लिहिण्यासारखं नाही.

करंजाच्या बुंध्याशी एक म्हातारी नारळ, बांगड्या, हळदीकुंकू मांडून बसली होती, ती मला रागाच्या भरात दिसलीच नव्हती. माझा आवाज संपल्यावर ती म्हणाली, "देवाशी भांडायलाबी नारळ लागतो, पाव्हणं. रिकाम्या हातानं कुणी भांडतं व्हय?"

 तिनं कपाळावर हात धरून वर रस्त्याकडं बघितलं. "ही गाडी वळखीती मी. तुमची बाई कुठं हाय? लई दिस झालं, आली न्हाई."

"गेली," मी म्हणालो. "दिवाळीच्या आधी."

 टोपलीतल्या बांगड्या म्हातारीनं उगाच इकडच्या तिकडं केल्या. त्यातल्या हिरव्या बांगड्यांची एक जोडी दोऱ्यानं बांधून बाजूला ठेवलेली होती, तिच्यावर बोट ठेवून म्हणाली, "ह्या तिनं बाजूला ठिवाय सांगितल्या हुत्या. नातीला म्हणली." आणि मग तिनं मला जे विचारलं ते माझ्या अजून कानात आहे. "मंग आता गाडीचं जू कोण सोडतं?"

मला वाटलं म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही. म्हणालो, "मावशे, ती व्हॅन हाय. बैलगाडी न्हाई."

"मला दिसतं की. पर तुमची बाई सोडायची. गाडी थांबली की आधी बाजूला जायाची, टाकीचं झाकण हाय न्हवं, ते सैल करायची, मंग खाली यायची. वटी भरून वर गेली की घट्ट करायची. तुम्ही तंबाखू मळत पाठमोरं असायचा. म्या इचारलं एकदा, काय गं करतीस? तर म्हणली, बैल थांबलं की आपण जू सोडतो, मान मोकळी करतो. ही एवढं वढती, हिला कुणी मोकळी करायची? मुका जीव हाय. जरा श्वास घिऊ द्या."

 मला ते आठवलं. मंडळी बैलवाल्याची लेक. तिच्या माहेरी दावणीला बैलजोडी असायची आणि तिचं बालपण गाडीच्या जुवाशीच गेलं. व्हॅन घेतली तेव्हा पहिल्या काही खेपांना मी तिला ते झाकण फिरवताना बघितलं होतं आणि रागावलो होतो, की पेट्रोल उडून जाईल, उघडं ठेवू नकोस. ती हसून म्हणाली होती, "अवं, तुम्हाला कसं कळंना, सुस्कारा टाकती ती." मी म्हणालो होतो, गाडी काय सुस्कारा टाकती. त्यानंतर तिनं माझ्यासमोर झाकणाला हात लावला नाही. मला वाटलं होतं, सोडून दिलं.

मी चढ चढून वर आलो. टाकीचं झाकण उन्हानं तापलं होतं. हात लावला, फिरवलं. आधी ते हलेना, कुणी आतून ओढून धरल्यासारखं घट्ट. जोर लावला. आणि जरा सैल झालं तशी गाडीनं श्वास घेतला. दुसरं काय म्हणू मी? आतून लांबलचक, खोल, सूं असा आवाज आला, आणि थांबेचना. हवा आत चालली होती. खूप वेळ पाण्याखाली राहिलेलं माणूस वर येऊन पहिला श्वास घेतं, तसा तो आवाज.  माझा हात झाकणावर तसाच राहिला. आवाज थांबला तेव्हा नदीचं पाणी, करंजातली पाखरं, लांबचा ट्रॅक्टर, सगळं ऐकू यायला लागलं, जसं आधी ते नव्हतंच. आणि मी तिथं भर रस्त्यात, ट्रकवाले बघतायत याची पर्वा न करता, रडलो. तिला अग्नी दिला तेव्हा मी रडलो नव्हतो. लोक म्हणाले होते, म्हातारा दगड आहे.

काही वेळानं खाली गेलो. चप्पल वर काढून ठेवली होती. म्हातारीनं न विचारता नारळ दिला. तो फोडला, पाणी त्या सात दगडांवर ओतलं आणि हात जोडले. मागितलं काहीच नाही. काय मागायचं ते सुचलंच नाही. म्हातारीनं निघताना ती हिरव्या बांगड्यांची जोडी माझ्या हातात ठेवली.

वर येऊन झाकण घट्ट केलं, किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात इंजिन लागलं आणि एका तालात चालू राहिलं. वरखाली नाही, हिसका नाही. चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढली. पाटसपर्यंत मी शेजारच्या सीटकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथं कुणी नाही हे दिसलं असतं, आणि मला ते बघायचं नव्हतं.

सुनंदाच्या दारात गौरी बसलीच होती. मी उतरलो आणि आधी टाकीचं झाकण सैल केलं. पुन्हा तो आवाज आला, पहिल्यापेक्षा थोडा लहान. गौरीनं मान वाकडी करून विचारलं, "आबा, हे काय?"

"गाडी श्वास घेती."

"आज्जी पण असंच म्हणायची," ती म्हणाली. म्हणजे पोरीला माहीत होतं. म्हातारीला माहीत होतं. एक मलाच माहीत नव्हतं.

दौंडला व्यायाम झाला. बाई डॉक्टर म्हणाल्या, पाय आखडलाय, पण अजून वेळ गेलेली नाही, आता मात्र खाडा करू नका. गौरीला पाटसला सोडताना तिच्या हातात बांगड्या भरल्या. भंगारवाल्याकडं गाडी न्यायची वेळ झाली, तेव्हा मी सरळ केंदूरचा रस्ता धरला. वाटेत बाळूचा फोन आला. "आप्पा, सोडली का गाडी?"

"न्हाई."

"का?"

"ती श्वास घेती."

 तो हळूच म्हणाला, "आप्पा, तुम्हाला बरं हाय ना?"

"लई दिसांनी बरं हाय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शिक्रापूरच्या मेस्त्रीला झाकण काढून दाखवलं. त्यानं ते उलटसुलट केलं आणि डोक्याला हात लावला. झाकणाला एक बारीक भोक असतं, पेट्रोल कमी होईल तशी त्यातून टाकीत हवा जायला. कुंभारीण माशीनं त्यात चिखल भरून ते पार बुजवलं होतं. हवा जात नाही, मग टाकी पेट्रोल आतच ओढून धरते, इंजिनाला मिळत नाही, आणि काही अंतर गेलं की गाडी गुदमरते. "पण हा चिखल आताचा न्हाई आप्पा," मेस्त्री म्हणाला. "दगड झालाय याचा. हे वर्षानुवर्षं बंद हाय. मंग इतकी वर्षं गाडी चालली कशी?"

कशी चालली ते मी त्याला सांगितलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग त्यानं बारीक तारेनं भोक मोकळं केलं, फुंकर मारून बघितलं आणि झाकण दोन्ही हातांनी माझ्याकडं दिलं, प्रसाद द्यावा तसं.

मी याचा पुष्कळ विचार केला. कुणी म्हणेल, यात देवाचा काय संबंध, भोक बुजलं होतं, बाईनं सवयीनं झाकण उघडलं. खरं आहे. मला इंजिन कळत नाही आणि देव तर त्याहून कळत नाही, म्हणून मी वाद घालत नाही. मला एवढंच दिसतं की मी त्या गाडीचा मालक म्हणून मिरवलो आणि तिला इतकी वर्षं चालवलं दुसऱ्याच कुणीतरी, माझ्या पाठीमागं, मला न कळता, बोलणी खाऊन. मग माझ्या आयुष्यात आणखी काय काय असं पाठीमागून चाललं असेल? मी म्हणत होतो देवानं ऐकलं नाही. मी तरी कधी कान दिला होता? देवळात जाऊन मी नेहमी मागणंच केलं होतं, मूठ आवळून. त्या दिवशी उन्हात एक झाकण सैल केलं आणि इतक्या दिवसांचं जे आत कोंडलं होतं ते माझ्या हातून सुटलं. सोडून दिलं की जातं असं मला वाटायचं. त्या दिवशी कळलं की सोडल्यावर आत येतं.

आता आम्ही आठवड्याची खेप चुकवत नाही. गौरीचा पाय बराच मोकळा झाला आहे. आसरांपाशी मी आपण होऊन थांबतो, मावशीकडून नारळ घेतो, दहीभात सून करून देते. भोक मोकळं झाल्यापासून झाकण सैल करायची तशी गरज नाही, मेस्त्रीनं दोनदा सांगितलंय. तरी उतरलो की आधी तेच करतो. झाकण फिरवतो आणि टाकीला कान लावून उभा राहतो. आवाज येत नाही. हवा आपली जातेय, येतेय, कुणाला न कळता. मी जरा वेळ ऐकतो, झाकण घट्ट करतो आणि मग खाली हात जोडायला जातो.